माती आणि मनगट

शेतकऱ्याने पेरण्यापूर्वी जमीन पाहावी, वैद्याने मात्रा देण्यापूर्वी प्रकृती पाहावी आणि गृहिणीने आधण ठेवण्यापूर्वी तांदूळ जुना की नवा ते पाहावे, ही गोष्ट आपल्या घरांतून कोणास शिकवावी लागत नाही. परंतु चेंडू टाकणाऱ्यानेही हात फिरविण्यापूर्वी जमीन पाहिली पाहिजे, किंबहुना कोणता चेंडू टाकावा हे अर्धेअधिक जमिनीलाच विचारले पाहिजे, ही गोष्ट क्रिकेटचे वेड घेतलेल्या घरांतूनही फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. आपण पाहतो तो फलंदाजाचा फटका. फार झाले तर गोलंदाजाचे मनगट. त्या दोहोंच्या मध्ये बावीस यार्ड माती पडलेली असते, तिच्याकडे लक्ष जाते ते सामना हरल्यावर, आणि तेही तिला दोष देण्यापुरते!

कुटुंबातील लहानथोरांनी वाचावयाच्या मासिकात खेळाचा हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर एवढेच की, ज्या खेळापायी घरातील मुले जेवणाची वेळ चुकवितात, वडील माणसे कचेरीचे काम पुढे ढकलतात आणि आजीबाईही जपाची माळ हाती धरून धावसंख्या विचारतात, त्या खेळात थोडा विचार शिरला तर घराचे नुकसान होणार नाही. शिवाय या विषयाच्या तळाशी एक दुसरीच गोष्ट दडलेली आहे. ती खेळाची नसून न्यायाची आहे. तिच्याकडे आम्ही शेवटी वळणार आहोत.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर यवत, खुटबाव ही स्थानके मागे पडली म्हणजे केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन व नारायण महाराजांचे बेट या दोन स्थळांमुळे हे नाव बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेले असेल. आमचे जुने घर व थोडी शेती या गावी आहे, आणि दिवाळीच्या सुटीत पुण्यामुंबईकडील सारी भावंडे मुलाबाळांसह तेथे जमतात. भीमेच्या खोऱ्यातील ही जमीन दख्खनच्या काळ्या कातळापासून झालेली, चिकण आणि भारी. पावसात ती फुगते, पायाला चिकटते, वाहाण ओढून घेते. उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जी माती वर्षातून दोन वेळा आपला आकार बदलते, तिच्यावर टाकलेल्या चेंडूने दररोज एकच चाल दाखवावी अशी अपेक्षा करणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

घरामागे पूर्वी जेथे मळणीचे खळे होते, तेथे मुलांनी खेळपट्टी केली आहे. ती करताना मुलांचा गुरू झाला तो आमचा सालगडी. मुले घाईने पाणी मारून लगेच रूळ फिरवावयास निघाली, तेव्हा तो म्हणाला, “दादा, वाफसा न्हाय आला अजून. आत्ता रूळ फिरवाल तर पापुद्रा धरंल नि उद्या टवके उडतील.” मग त्याने मूठभर माती उचलून तिचा लाडू वळला आणि छातीइतक्या उंचीवरून खाली सोडला. लाडू न फुटता चपटला. म्हणजे ओल अधिक. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच लाडू पडताच फुटला. म्हणजे वाफसा आला. पेरणीस जी जमीन योग्य, तीच रुळासही योग्य. मोठमोठ्या मैदानांवरील क्युरेटर म्हणविणारे अधिकारी यंत्रांनी ओल मोजतात; परंतु त्यांनाही अखेर विचारावयाचा असतो तो हाच प्रश्न.

या खळ्यावर आमचा एक पुतण्या, वय वर्षे चौदा, डावखुरी फिरकी टाकतो. आपल्या घरांतून डावरेपणाचे कौतुक कधीच नव्हते, पानावर बसला की “उजव्या हाताने रे!” हे त्याने लहानपणापासून ऐकलेले. परंतु चेंडू हाती आला की तो डावा हात घराच्या अभिमानाचा विषय होतो. खळ्यावर त्याचा चेंडू हातभर वळे. पुढे पुण्यास एका मैदानावर त्याची परीक्षा झाली. तेथे सिमेंटच्या पट्टीवर चटई अंथरलेली होती. चेंडू वळला थोडा, उसळला फार, आणि फलंदाजांनी त्याला यथेच्छ झोडपले. मुलगा घरी आला तो खिन्न. “काका, तुम्हीच सांगा, मनगट तेच, बोटे तीच, मग मी इथे चांगला आणि तिथे वाईट कसा?” असा त्याचा प्रश्न. तो आता खेळ सोडण्याच्या गोष्टी बोलू लागला होता. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट दिले पाहिजे, असे आम्हांस वाटले.

चेंडू जमिनीस लागतो तो क्षण अत्यंत अल्प. परंतु सारा निकाल त्यात होतो. चेंडूच्या मध्यावर जी शिवण असते ती मातीला घासली तर माती चेंडूला धरते, आणि बोटांनी दिलेला फिरका दिशेत उतरतो. शिवण न लागता गुळगुळीत कातडे लागले तर चेंडू घसरून सरळ निघतो. माती जितकी कोरडी व भुसभुशीत तितकी तिची पकड अधिक. जितकी गवताच्या मुळांनी बांधलेली, दाबलेली व चकचकीत तितकी पकड कमी. पृष्ठभाग कठीण असेल तर चेंडू उसळतो, मऊ असेल तर मातीत किंचित रुततो आणि मंद होऊन येतो. संध्याकाळी दव पडले म्हणजे चेंडू ओला होतो आणि बोटांनाच त्याची पकड राहत नाही. मग मातीची गोष्ट दूरच.

आता गोलंदाजाच्या हाती काय असते? आमच्या मते त्याच्यापाशी चार किल्ल्या असतात. पहिली, फिरका किती द्यावयाचा, दुसरी, तो कोणत्या अंगाने द्यावयाचा, म्हणजे चेंडू आडवा वळावा की पुढच्या बाजूने गरगरत खाली झुकून उसळावा, तिसरी, वेग, आणि चौथी, टप्पा व दिशा. कुलूप जमिनीचे असते. एकच किल्ली घेऊन सर्व कुलुपांशी झटापट करणारा मनुष्य बलवान असेल, परंतु दार उघडेलच असे नाही.

काळ्या मातीची पट्टी सामान्यतः ओल धरून ठेवते आणि चेंडूस मंद व बुटका करते. तेथे हळू उंच टाकलेला चेंडू वळतो खरा, परंतु फलंदाज मागे सरून तो सावकाश पाहून खेळतो. म्हणून तेथे वेग थोडा वाढवावा, चेंडू यष्टींच्या रोखाने ठेवावा, आणि पायचीत व त्रिफळा यांवर भिस्त ठेवावी. तांबड्या मातीची पट्टी बहुधा लवकर सुकते आणि चेंडूला उसळी देते. तेथे चेंडू हवेत तरंगत ठेवून पुढच्या अंगाचा फिरका द्यावा. तो फलंदाजाच्या अपेक्षेपेक्षा अलीकडे पडतो आणि अपेक्षेपेक्षा उंच उठतो, आणि बॅटीच्या वरच्या भागास किंवा हातमोज्यास लागून जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हाती जातो. चटईवरही हेच तत्त्व: आडव्या वळणापेक्षा उसळीचा उपयोग करावा. आमच्या पुतण्याने खळ्यावरची चाल चटईवर नेली, एवढेच त्याचे झाले. मनगट वाईट नव्हते. प्रश्न चुकीच्या जमिनीला विचारला गेला होता.

हे तत्त्व एकट्या क्रिकेटचे नाही. पाश्चात्त्य देशांत लाकडी पट्ट्यावरून जड गोळा घरंगळवून दहा खुंट्या पाडण्याचा एक खेळ फार लोकप्रिय आहे, आणि आता आपल्याकडील मोठ्या शहरांतूनही तो दिसतो. पट्टा साठ फूट लांब. त्याच्या पुढच्या भागावर तेलाचा पातळ थर दिलेला असतो व खुंट्यांजवळचा भाग कोरडा ठेवलेला असतो. पाहणाऱ्यास तेल दिसतही नाही. तेलावर गोळा घसरतो, कोरड्यावर त्याची पकड बसून तो वळतो आणि मग सरळ लोळू लागतो. तेल जास्त असेल तर खरखरीत पृष्ठभागाचा, लवकर पकड घेणारा गोळा निवडतात. तेल कमी असेल तर गुळगुळीत पृष्ठभागाचा गोळा घेऊन रोख अधिक सरळ ठेवतात. इतकेच नव्हे, तर खेळ चालू असताना गोळ्यांबरोबर तेल पुसले जाते आणि पुढे वाहून नेले जाते; म्हणून पहिल्या डावातील उत्तम चाल शेवटच्या डावात निरुपयोगी ठरते. क्रिकेटची खेळपट्टीही पाच दिवसांत अशीच बदलते. पहिल्या दिवशी ओल असते, मग ती सुकते, मग बुटांच्या खिळ्यांनी पावलांच्या जागी खड्डे पडतात, मग भेगा रुंदावतात. जमीन एकदा वाचून पुरत नाही. ती रोज वाचावी लागते.

येथे एक विचित्र गोष्ट सांगण्याजोगी आहे. चेंडू जेथे अतिशय वळतो, तेथे अतिशय वळविणारा गोलंदाज यशस्वी होईल असे कोणासही वाटेल. परंतु अनुभव पुष्कळदा उलट येतो. फलंदाजाला बाद करण्यास चेंडू बॅटीच्या रुंदीच्या अर्ध्याने वळला तरी पुरे. हातभर वळलेला चेंडू बॅटीची कड चुकवून, यष्टींना वळसा घालून, टाळ्या घेत यष्टिरक्षकाच्या हाती जातो. गडी जागच्या जागी राहतो. पुण्याजवळ गहुंजे येथील मैदानावर फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत व ऑस्ट्रेलिया यांचा कसोटी सामना झाला. पट्टी अगदी कोरडी होती. पुढे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तिला निकृष्ट असा शेराही दिला. ती पट्टी आमच्या फिरकीस अनुकूल होणार अशी सर्वांची अटकळ होती. प्रत्यक्षात स्टीव्ह ओकीफ या ऑस्ट्रेलियन डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने दोन्ही डावांत प्रत्येकी ३५ धावांत ६ गडी बाद केले आणि भारताचे डाव १०५ व १०७ धावांत संपले. पहिल्या डावात तर शेवटचे ७ गडी अवघ्या ११ धावांत गेले. ओकीफचा चेंडू आमच्या गोलंदाजांहून अधिक वळत होता असे नव्हे. त्याने रोख यष्टींवर ठेवला. काही चेंडू वळले, काही सरळ गेले, आणि कोणता चेंडू काय करील हे फलंदाजाला, कदाचित गोलंदाजालाही, आधी कळत नव्हते. बाकीचे काम जमिनीने केले. सामना तिसऱ्या दिवशी संपला. ऑस्ट्रेलिया ३३३ धावांनी जिंकली.

याच मैदानावर ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सॅन्टनरने हाच धडा निराळ्या रीतीने दिला. पट्टी काळ्या मातीची व मंद होती. त्याने वेगात सतत फेर केला. एक चेंडू झपाट्याने, पुढचा रेंगाळत. पहिल्या डावात ५३ धावांत ७ व दुसऱ्यात १०४ धावांत ६ गडी त्याने बाद केले. त्यापूर्वी कसोटीच्या एका डावात पाच गडी त्याला कधीही मिळाले नव्हते. त्या पराभवाबरोबर, २०१२ नंतर प्रथमच, भारताने मायदेशातील कसोटी मालिका गमावली. पुढच्याच आठवड्यात मुंबईच्या वानखेडे मैदानाच्या तांबड्या मातीवर एजाझ पटेलने दोन्ही डावांत मिळून ११ गडी बाद केले. हा मुंबईतच जन्मलेला, बालपणी न्यूझीलंडला गेलेला मुलगा; त्याने डिसेंबर २०२१ मध्ये याच मैदानावर एका डावातील दहाही गडी ११९ धावांत बाद केले होते. एका पंधरवड्यात, एकाच संघाच्या दोघा डावखुऱ्यांनी, दोन रंगांच्या मातीतून आपापले उत्तर काढले.

जमीन एक असूनही उत्तरे किती निराळी येतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण १९५६ सालचे आहे. मँचेस्टर येथील ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर त्या वर्षी जुलै महिन्यात इंग्लंडच्या जिम लेकरने ऑस्ट्रेलियाचे ९० धावांत १९ गडी बाद केले. हा आकडा बहुतेकांस ठाऊक असतो. परंतु त्याच पट्टीवर, त्याच सामन्यात, दुसऱ्या बाजूने टोनी लॉक हा नामांकित डावखुरा फिरकी गोलंदाज टाकीत होता, आणि त्याला १०६ धावांत मिळाला तो फक्त एक गडी, हे फारसे कोणी लक्षात ठेवीत नाही. लेकरला गडी मिळत गेले तसतसा लॉक अधिकाधिक जोराने व त्वेषाने टाकू लागला. लेकर मात्र आपला टप्पा आणि आपली चाल धरून शांतपणे टाकीत राहिला. जमीन दोघांनाही तेच देत होती. एकाने ते घेतले; दुसरा तिच्याकडून अधिक मागत राहिला.

आणि जमीन काहीच देत नसेल तर? तर नाशिकचे बापू नाडकर्णी आठवावे. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध एका डावात त्यांनी ३२ षटके टाकली. त्यांपैकी २७ निर्धाव, धावा फक्त ५, गडी एकही नाही. त्यात २१ षटके लागोपाठ निर्धाव होती. अशा डावात गडी मिळाला नाही म्हणून ते काम व्यर्थ गेले असे म्हणणाऱ्यास खेळ कळला नाही, आणि संसारही कळला नाही, असे आम्ही म्हणू. कित्येक दिवस असे असतात की जिंकणे आपल्या हाती नसते. आपला टप्पा न सोडणे एवढेच हाती असते. त्याच मद्रासच्या चेपॉक मैदानावर १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात पट्टी इतकी फिरत होती की मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी तामिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ व १८ धावांत ५ गडी बाद केले. नाडकर्णी व शिवलकर दोघेही डावखुरे, दोघेही टप्प्याचे पक्के. एकास जमिनीने तेरा गडी दिले, एकास एकही दिला नाही. परंतु दोघांनीही जमिनीशी भांडण केले नाही.

ही जमीन वाचण्याची विद्या आपल्या पुण्यात प्रथम कोणापाशी होती, या गोष्टीकडे आता वळू. पालवणकर बाळू यांचा जन्म १८७० च्या दशकातला, चांभार समाजातला. कोवळ्या वयात ते पुण्यातील पारशांच्या मैदानावर आणि मग युरोपियनांच्या पूना क्लबवर चाकरीस राहिले. काम कोणते? रूळ फिरविणे, खेळपट्टी आखणे, जाळी उभारणे. पगार महिना चार रुपये. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा डावा हात तयार झाला. ग्रेग या नामांकित इंग्रज फलंदाजाला ते तासन् तास गोलंदाजी करीत, आणि बाद केल्यास ग्रेग त्यांना आठ आणे देई असे सांगतात. सकाळी ज्या पट्टीवर त्यांनी स्वतः पाणी मारले, रूळ ओढला, तिच्यावर दुपारी चेंडू टाकताना तिची ओल, तिची भेग, तिचा कच्चा कोपरा हे सारे त्यांना ठाऊक असणारच. जमिनीचे असे शिक्षण पैसे देऊन मिळत नाही. ते वाकून मिळते.

पुण्याच्या हिंदू संघात ब्राह्मणांचा भरणा होता. युरोपियनांना हरवावयाचे तर बाळू पाहिजेत, हे संघाला कळत होते. परंतु त्यांना घ्यावे की नाही यावर वाद झाला. अखेर घेतले. मैदानावर एकच चेंडू या हातातून त्या हातात जाई. परंतु उपाहाराच्या वेळी बाळूंचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात, आणि जेवण वेगळ्या जागी. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता! साताऱ्याच्या युरोपियनांशी सामना ठरला, तेव्हा बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी आठवडाभर रूळ फिरवून पट्टी गुळगुळीत करविली. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले. ज्याने आयुष्य रूळ ओढण्यात घालविले, त्याला रुळाने जिंकता येणार नाही, हे त्या साहेबांच्या ध्यानी आले नसावे. पुढे १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा परक्या मुलखाच्या, परक्या हवामानाच्या पट्ट्यांवर बाळूंनी ११४ गडी बाद केले.

असे असूनही हिंदू संघाचे नायकपद बाळूंना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. त्यांच्या चरित्रातील आणखी एक गोष्ट आम्हांस या साऱ्याहून अधिक बोचते. पूना क्लबवर शेकडो तास गोलंदाजी केली, परंतु फलंदाजी करावयास एकदाही मिळाली नाही, असे ते पुढे सांगत. घाम गाळून टाकणे हे चाकराचे काम, उभे राहून फटके मारणे हा धन्याचा मान, अशी ती वाटणी होती. आणि ही वाटणी साहेबांबरोबर बोटीत बसून निघून गेली असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी आपल्या अंगणात डोकावून पाहावे.

आमच्या खळ्यावरचीच गोष्ट घ्या. सालगड्याचा मुलगा आमच्या पुतण्याच्याच वयाचा. पहाटे पट्टीवर पाणी तो मारतो, बापाबरोबर रूळ तो ओढतो, आणि आमची मुले दिवसभर फलंदाजी करीत असता चेंडूही तोच टाकतो. कोणी त्याला अपशब्द बोलत नाही. पाणी एकाच माठातले पितात. आपल्याकडे भेद उरला नाही, असे म्हणावयास सर्व काही अनुकूल होते. परंतु बॅट आमच्या मुलांची, आणि ज्याची बॅट त्याचा डाव, असा खळ्याचा अलिखित कायदा होता. हे प्रथम ध्यानी आले ते आमच्या थोरल्या काकूंच्या. ओसरीवर शेंगा फोडीत बसल्या असता त्यांनी सहज विचारले, “काय रे, तो पोरगा सकाळपासून टाकतोच आहे, त्याचा डाव कधी येणार?” मुले गप्प झाली. एकाने उत्तर दिले, “आजी, त्याला टाकायलाच आवडतं.” काकू म्हणाल्या, “त्याला विचारलंस?” विचारले, तेव्हा तो मुलगा मान खाली घालून एवढेच म्हणाला, “बॅट कदी हातात धरली न्हाय.”

त्या दिवसापासून खळ्यावर नियम झाला: जो गडी बाद करील, त्याचा पुढचा डाव. नियम होताच पहिल्या दिवशी निम्मा वेळ तोच मुलगा फलंदाजी करीत होता, कारण त्याच्याइतकी ती पट्टी कोणालाच ठाऊक नव्हती. कोठे पडलेला चेंडू बसका येतो, कोठे अजून ओल आहे, कोणत्या भेगेवर टाकला असता चेंडू आत वळतो, हे तो न पाहता सांगे. आमच्या खिन्न पुतण्याचा खरा शिक्षक पुण्यात नव्हता. तो खळ्यावर रूळ ओढीत होता. दोघांनी मग एक उद्योग आरंभिला. जुन्या गोणपाटाची चटई अंथरून तिच्यावर, मग नुसत्या मातीवर, मग शेणाने सारवलेल्या अंगणात, असे एकच चेंडू तीन जमिनींवर टाकून तो कसा चालतो ते पाहावयाचे. पुतण्याने खेळ सोडण्याची भाषा पुन्हा काढली नाही. तो पुढे मोठा खेळाडू होईल की नाही, याची आम्हांस फिकीर नाही. परंतु अपयश आले असता मनगटाला शिव्या देण्याआधी जमीन तपासावी, आणि जमीन समजत नसेल तर तिच्यावर राबणाऱ्याला विचारावे, एवढे तो चौदाव्या वर्षी शिकला, हे थोडे नव्हे.

एकत्र कुटुंबातही याहून वेगळे काय असते? एकच उपदेश घरातील सर्व मुलांना आपण एकाच वेगाने टाकतो. एकाला तो लागतो, दुसऱ्यावरून घसरून जातो, तिसरा उसळून उलट येतो. आणि आपण मुलांना दोष देतो. कोणाशी मऊ बोलावे, कोणाशी थेट बोलावे, कोणाजवळ काही न बोलता नुसते टप्पा धरून राहावे, हे ज्याला उमगले त्याचे घर चालते. आणि ते उमगावयास घराची जमीन ठाऊक असावी लागते. ती बहुधा ठाऊक असते घरातील त्या माणसांना, ज्यांचा डाव कधी येतच नाही. दिवसभर चुलीपाशी वा अंगणात राबणाऱ्या त्या माणसांना एकदा विचारून पाहावे. उत्तर मिळेल, आणि कदाचित त्यांचा डावही किती दिवसांचा थकलेला आहे, तेही कळेल.